शाम्पूची पुडी आणि गाडीचा रंग

दसऱ्याच्या सकाळी आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे निघालं, की नगर-कल्याण महामार्गाच्या कडेला राजुरीच्या शिवारात घराघरांपुढे एकच काम चाललेलं दिसतं. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकली आणि सणाला मुंबई-ठाण्याहून आलेल्या मोटारी अंगणात उभ्या, बोअरची मोटर चालू, आणि गाड्यांना पाणी मारणं सुरू. झेंडूचा हार, चाकाखालचं लिंबू, बॉनेटवरचं हळदी-कुंकवाचं स्वस्तिक हे सगळं नंतर. आधी गाडी लख्ख झाली पाहिजे. त्यासाठी घरातून जे सामान बाहेर येतं ते बघा : रुपयाची शाम्पूची पुडी, कपड्यांची पावडर, भांडी घासायचं लिक्विड, टायरला खोबरेल, काचेला जुनं वर्तमानपत्र, दिव्यांना टूथपेस्ट, आणि अलॉय व्हील काळवंडली असतील तर संडास धुवायचं ॲसिड.

शहरातली गाडीवेडी मंडळी हे पाहून कपाळाला हात लावतात. ‘घरातलं काहीही गाडीला लावू नका’ हे त्यांचं म्हणणं. गावातला माणूस म्हणतो, मळ तो मळ, साबण तो साबण. मला दोन्ही मतं अर्धवट वाटतात. या सामानातल्या काही वस्तू उत्तम काम करतात, काहींनी फारसं बिघडत नाही, दोन-तीन वस्तू गाडीचं कायमचं नुकसान करतात आणि एक तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. कुठल्या मळाला काय लागतं आणि ते कुठल्या पृष्ठभागाला सोसतं, हे दोन प्रश्न विचारले की बराच उलगडा होतो. राजुरीसारख्या दूधधंद्याच्या गावात हे दोन्ही प्रश्न रोज पहाटे गोठ्यापुढे सोडवले जातात. तेच शहाणपण कॅनवरून गाडीपर्यंत न्यायचं आहे.

दुधाचा कॅन धुण्याची रीत ठरलेली आहे. आधी गार पाण्यानं विसळायचा. पहिलंच पाणी कडकडीत गरम घातलं तर दुधातली प्रथिनं उष्णतेनं गोठून भांड्याला घट्ट बसतात. गार विसळणीनंतर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, कारण चरबी अल्कलीनं सुटते. मग पुन्हा स्वच्छ पाणी, आणि कॅन पालथा. तरीही दिवसेंदिवस आत एक पांढरट खरखरीत थर साचत जातो. त्याला सोडा काही करू शकत नाही, कारण तो दुधातल्या आणि पाण्यातल्या कॅल्शियमच्या क्षारांचा असतो. त्याला सौम्य आम्ल लागतं. मोठ्या डेअरीत म्हणूनच पाइप आणि टाक्या आधी कॉस्टिक सोड्यानं आणि नंतर आम्लानं धुतात. कॅन ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र कॉस्टिक त्याच्या जवळपासही आणत नाहीत, कारण तो धातूच खातो. भांडं काळं पडतं, त्याला बारीक खड्डे पडतात. चरबीला अल्कली, क्षाराला आम्ल, दुधाला आधी गार पाणी, ॲल्युमिनियमला तीव्र सोडा वर्ज्य : गाडी धुण्याचं निम्मं रसायनशास्त्र एवढ्यात आलं.

उरलेलं निम्मं रंगाचं. आजच्या मोटारीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याला दिसणारी चकाकी या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. माणसाचा केस त्याहून जाड असतो. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. गॅरेजमध्ये ‘रबिंग करून देतो’ म्हणतात तेव्हा ओरखडे भरून येत नाहीत. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणला जातो. म्हणजे दर रबिंगला हा थर थोडा पातळ होतो. दर दिवाळीला गाडी ‘नवी’ करून घेणाऱ्यांची गाडी सात-आठ वर्षांत छतावरून आणि बॉनेटवरून पांढरी फटक पडू लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

ओरखडे येतात कशानं? आपल्याला वाटतं साबणानं. पण बहुतेक वेळा ते धुळीनंच येतात. आपला सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा. रस्त्यावरच्या धुळीत त्या दगडाची भुकटी असते, तिचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. सकाळी उठून कोरड्या फडक्यानं गाडी पुसायची सवय शहरात आणि गावात सारखीच. त्या पुसण्यात हे कण रंगावरून फरफटत जातात. उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर दिव्याभोवती दिसावीत तशी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात, ती याची खूण. साबण कुठलाही असो, आधी भरपूर पाण्यानं धूळ वाहून घालवणं हे पहिलं काम. चांगल्या कार शाम्पूची खरी कमाईही इथेच : तो मळ काढतोच, शिवाय फडकं आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर ठेवतो, त्यामुळे उरलेला कण घासत न जाता घसरून जातो.

आता शाम्पूच्या पुडीकडे येऊ. ही वस्तू गावोगावच्या दुकानांत पोचली ती दक्षिणेतून. तामिळनाडूतल्या कडलूरमध्ये १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी १५ हजार रुपयांच्या भांडवलावर चिक शाम्पूचा धंदा उभा केला. शाम्पू पुडीत भरून विकण्याची कल्पना त्यांच्या वडिलांची, चिन्नी कृष्णन यांची. बाटली ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या हातात रुपया-आठाण्याला शाम्पू आला, आणि पुढे सगळ्या मोठ्या कंपन्यांना त्याच वाटेनं यावं लागलं. दुकानाच्या दारावर माळेसारख्या लटकणाऱ्या त्या पुड्यांतून केस धुतले जातात, गालिचे धुतले जातात, पोळ्याला बैल धुतले जातात. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाची अंगकांती पारखली जाते; ती राखणारे लोक त्याच्या अंगाला कपड्यांची पावडर लावणार नाहीत.

गाडीला ही पुडी चालते का? घरातल्या सामानात तिच्याइतकं निर्धोक दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. केसांचा शाम्पू पाण्याच्या तटस्थतेच्या जवळचा किंवा किंचित आम्लधर्मी असतो. त्यातलं फेस करणारं मुख्य द्रव्यही बहुधा कार शाम्पूत असतं त्याच जातीचं. त्यानं रंगाला इजा होत नाही. खोट एवढीच, की केस मऊ करायला त्यात सिलिकोनसारखी द्रव्यं घातलेली असतात, ती काचेवर धूसर पापुद्रा ठेवतात. पावसाळ्यात रात्री समोरून गाडीचा उजेड आला की वायपरच्या फेऱ्यात तो पापुद्रा चमकतो आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणून पुडी वापरायची तर पत्र्यापुरती, ‘कंडिशनरसह’ लिहिलेली टाळून, आणि एका बादलीला एकच. तीन पुड्या घातल्यानं गाडी तिप्पट स्वच्छ होत नाही. फेस धुऊन काढायला पाणी मात्र तिप्पट लागतं.

भांड्यांचं लिक्विड याच्या एक पायरी खाली. ते चरबी तोडण्यासाठी केलेलं, त्यामुळे गाडीवरचा मेणाचा थरही ओढून नेतं. बऱ्याच लिक्विडांत दाटपणासाठी मीठ घातलेलं असतं. एखाद्या वेळी ते वापरल्यानं गाडीचं वाटोळं होत नाही. पॉलिश करण्याआधी जुनं मेण काढायला जाणकार कारागीरही तसंच काहीतरी वापरतात. पण दर आठवड्याला त्यानं गाडी धुतली तर रंगावर काही संरक्षण उरत नाही.

कपड्यांच्या पावडरीची गोष्ट वेगळी. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा साडेतीन रुपये किलोनं दारोदार विकायला सुरुवात केली आणि पिवळी-निळी धुण्याची पावडर भारतातल्या प्रत्येक मोरीपर्यंत गेली. स्वस्त पावडरींचा कणा म्हणजे सोडा ॲश. घामाचा, तेलाचा, मातीचा मळ सुती कापडातून ओढून काढायचा तर तीव्र अल्कली हवीच. अशा पावडरीचं पाणी सामू मोजपट्टीवर १० ते ११ वर जातं. शुद्ध पाणी ७ वर असतं, आणि या पट्टीवर दर एक अंकाला तीव्रता दहापट वाढते. हे पाणी बादलीभर धोतरांना सोसतं. गाडीवर ते मेण काढतं, रबरी पट्ट्यांत पांढरं होऊन बसतं, ॲल्युमिनियमच्या भागांवर धुरकट डाग पाडतं. त्यात न विरघळलेले दाणे फडक्याखाली सापडले तर ओरखडे आलेच. भर उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते पाणी सुकलं, तर डाग धुऊन निघत नाहीत. अपघातानंतर गॅरेजात नव्यानं रंगवलेल्या दरवाजाला तर ती पावडर अजिबात लावू नये. कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका तो कणखर नसतो.

तरी या पावडरीलाही गाडीत जागा आहे. पायाखालच्या रबरी मॅट, पिकअपचा हौदा, टायरच्या कडा इथे ती ब्रशनं बिनधास्त वापरा.

पिकअपबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण जुन्नर-आंबेगावात खरी राबणारी गाडी तीच. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला, ओतूर-आळेफाट्याच्या कांद्याला, द्राक्षबागेतल्या फवारणीला, खताच्या पोत्यांना आणि दुधाला तीच. तिचे डाग शहरातल्या मोटारीला माहीत नसतात. द्राक्ष आणि डाळिंब करणाऱ्यांच्या गाडीवर निळसर पांढरे शिंतोडे दिसतात, ते बोर्डो मिश्रणाचे : १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमाराला मिलार्दे यांनी जगापुढे आणलेलं हे औषध आजही आपल्या बागा वाचवतं. त्यातला चुना वाळला की साबणाला दाद देत नाही. कॅनमधल्या क्षाराचाच हा भाऊबंद. पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ओल्या फडक्यानं मिनिटभर डागावर ठेवायचं, आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. खरवडायचं नाही. आणि नुसता मोरचूद उघड्या लोखंडावर सांडला असेल तर वाट बघू नये. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांब्याचा लालसर मुलामा चढतो. तिथून गंज पसरतो.

हौद्यातला पोटॅशही असाच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच जातभाई. फाटक्या पोत्यातून पडलेले लालसर खडे हौद्याच्या खाचेत ओल धरून बसतात आणि पत्रा आतून सडतो. इथे कुठलंच रसायन लागत नाही. खत उतरवल्यावर त्याच दिवशी हौदा झाडून, साध्या पाण्यानं धुऊन, फळका उघडा टाकून वाळवला की झालं. एवढ्या एका सवयीनं हौद्याचं आयुष्य वाढतं.

सीटवर दूध सांडलं तर कॅनचाच नियम : आधी गार पाणी, टिपून घेणं, मग कोमट पाण्यात थोडी एन्झाइमवाली पावडर, ती प्रथिनं तोडते. वास तरीही राहिला तर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी झाडून काढायचा. आंबलेल्या दुधाचा वास आम्लांचा असतो, सोडा ती आम्लं मारतो. या कामी बाजारातल्या सुगंधी बाटल्यांपेक्षा स्वयंपाकघरातला सोडा सरस आहे.

आता नुकसान करणाऱ्या वस्तू. संडास धुवायच्या निळ्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, साधारण १० टक्के. चिनी मातीच्या भांड्याला ते काही करत नाही. अलॉय व्हील ॲल्युमिनियमचं. त्यावर हे आम्ल पडलं की चाक दोन मिनिटांत उजळतं, म्हणून लोकांना ते आवडतं. पण उजळतं ते धातूची कातडी सोलली गेल्यामुळे. ब्रेकच्या भागांवर, नट-बोल्टवर उडालेलं आम्ल गंजाला आमंत्रण देतं. डेअरीवाला ॲल्युमिनियमच्या कॅनला ज्या कारणानं कॉस्टिक लावत नाही, त्याच कारणानं चाकाला हे लावू नये. ब्रेकची काळी धूळ शाम्पूच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं, चाक थंड असताना, दर आठवड्याला काढली तर ती बसतच नाही.

रॉकेल किंवा डिझेल डांबराचे डाग काढतं, हे खरं. फडक्याच्या टोकावर थोडंसं घेऊन, डाग पुसून, लगेच शाम्पूनं धुतलं तर रंगाला काही होत नाही. पण गाडीच्या पोटाला डिझेल फवारून घेण्याची जी पद्धत अनेक वॉशिंग सेंटरवर आहे, ती बंद झाली पाहिजे. खनिज तेलानं रबर फुगतं. सस्पेन्शनच्या बुशा, रबरी नळ्या ढिल्या पडतात. उरलेलं डिझेल धूळ धरतं आणि पहिल्या पावसात रस्त्यावर उतरतं.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटना टूथपेस्ट लावली की त्या उजळतात, यातही खोटं काही नाही. दिव्याची काच काच नसते, ते पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरचा संरक्षक लेप उन्हानं खराब होऊन पिवळा पडतो आणि टूथपेस्टमधली बारीक भुकटी तो घासून काढते. पण लेप गेल्यावर उघडं प्लॅस्टिक काही महिन्यांत अधिक लवकर पिवळं होतं. माळशेज घाटात धुक्यात उतरायचं असेल तर तातडीचा उपाय म्हणून हे करा. नंतर मात्र अतिनील किरणं अडवणारा लेप लावून घ्या.

खोबरेलाविषयी : टायरला आणि डॅशबोर्डला ते धूळ चिकटवतं, एवढंच. स्टिअरिंगला मात्र लावू नका. हातातून चाक घसरणं ही घाटरस्त्यावर लहान गोष्ट नाही.

गाडीच्या आत सगळ्यांत जास्त जपायचा तो सीटबेल्ट, आणि त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. २०२० च्या कोरोनात हायपोक्लोराइटचे फवारे रस्त्यांवर, गाड्यांवर, माणसांवरसुद्धा मारले गेले; माणसांवर फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये सांगावं लागलं. त्या दिवसांतली सवय काही घरांत राहिली, आणि डाग पडलेल्या पट्ट्यांना ब्लीच लावलं जातं. पट्टा विणलेल्या कृत्रिम धाग्यांचा असतो. ब्लीचनं धागा कमजोर होतो, वरून काही दिसत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं, की पट्टा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यानंच पुसा, ब्लीच आणि रंग लावू नका. ते पान वाचण्यासारखं आहे.

ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर आणि ॲसिड यांचंही तसंच. उघड्या मोरीतसुद्धा यानं माणसं गुदमरली आहेत. काचा बंद असलेल्या गाडीत काय होईल ते सांगायला नको. उलटीचा, दुधाचा वास जात नाही म्हणून हाती येईल ते मिसळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन क्लीनर कधीही एकत्र करू नका, आणि मुलांच्या हाती या बाटल्या देऊन त्यांना गाडी धुवायला पाठवू नका.

शेवटी पाणी. बोअरचं पाणी खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. जड पाण्यात अंगाचा साबण फेस करत नाही, चिकट साका करतो. म्हणून त्या साबणानं गाडी धुणं सगळ्यांत वाया. काळ्या गाडीवर थेंब वाळले की पांढऱ्या कड्या उरतात. गाडी धुतल्यावर वाळू न देता मऊ फडक्यानं टिपून घेतली तर व्हिनेगरची गरजच पडत नाही. सकाळी लवकर किंवा सावलीत धुवा.

किती पाणी, हाही प्रश्न आहे. साध्या नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर सहज जातात. पंधरा मिनिटांत दीडशेच्या वर. तेच काम दोन बादल्यांत, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, आणि वर विसळायला आणखी दोन बादल्या घेऊन, साठेक लिटरमध्ये होतं. एक दुभती संकरित गाय दिवसाला जेवढं पाणी पिते, जवळपास तेवढं. राजुरीच्या पूर्वेला आणे पठारावरच्या गावांना पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. बंगळूरात मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला ५ हजार रुपये दंड लावावा लागला. ती वेळ येण्याआधी बादलीवर येणं शहाणपणाचं आहे.

वापरलेलं पाणी कुठे जातं, हे त्याहून महत्त्वाचं. कालव्याला आवर्तन सुटलं की पिकअप आणि फवारणीचे ब्लोअर थेट पाण्याच्या कडेला नेऊन धुतले जातात. साबण, ग्रीस, डिझेल आणि टाकीत उरलेलं कीटकनाशक त्याच पाण्यात उतरतं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचं कुकडी प्रकल्पाचं पाणी जुन्नर-आंबेगावातून पुढे पारनेर, शिरूर, श्रीगोंद्यापर्यंत जातं. वाटेतल्या विहिरी त्याच्याच पाझरानं भरतात आणि गुरं त्यावर पाणी पितात. दसऱ्याला गाडी जरूर धुवा, पुडीनं धुवा, पण अंगणात किंवा बांधावर, विहिरीपासून लांब धुवा. कालव्यावर आणि नदीवर गाडी नेऊ नका, आणि शेजारी नेत असेल तर त्यालाही थांबवा.